ज्वारीच्या चुऱ्याचा केक पॉप

केकचा चुरा करायचा, त्यात काहीतरी गोड आणि स्निग्ध कालवून लिंबाएवढे गोळे वळायचे, प्रत्येक गोळ्यात एक काडी खोचायची आणि तो वितळलेल्या चॉकलेटात बुडवून वर रंगीत दाणे भुरभुरायचे. केक पॉपची कृती एवढीच आहे. मुलांच्या वाढदिवसाला हा पदार्थ आता ओळखीचा झाला आहे, आणि घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत: गोळा काडीवरून घसरला, कवचाला तडा गेला, चॉकलेट हाताला लागले, आत नुसता चिकट लगदा झाला. या साऱ्या तक्रारींचे मूळ माझ्या मते एकच आहे. केक पॉप आपण केकचा धाकटा प्रकार समजून करायला घेतो, आणि खरे तर तो चुऱ्याचा लाडू आहे. त्याला भट्टीची समज कमी लागते, हाताची जास्त. चुरा किती कोरडा हवा, तो मुठीत कधी धरतो, वरचा लेप कोणत्या हवेत टिकतो, हे प्रश्न लाडू, चिक्की आणि हलवा करणाऱ्या घरांनी केव्हाच सोडवून ठेवले आहेत. सोलापूरपुरते बोलायचे तर माझे म्हणणे याहून थोडे मोठे आहे. ज्वारीच्या पिठाचा केक आणि शेंगदाण्याचे कूट घेऊन केलेला केक पॉप हा मैद्याचा केक आणि डब्यातले क्रीम घेऊन केलेल्यापेक्षा सरस होतो. गावाच्या अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. पिठाचे आणि तेलाचे गुणधर्मच तसे आहेत.

आजच्या रूपातला केक पॉप अमेरिकेतून आला. जॉर्जिया राज्यातल्या अँजी डडली यांनी 2008 मध्ये त्याची कृती आणि छायाचित्रे लोकांपुढे ठेवली, 2010 मध्ये त्यांचे याच नावाचे पुस्तक निघाले आणि 2011 मध्ये स्टारबक्सने तो आपल्या अमेरिकेतल्या दुकानांत विकायला ठेवला. तयार मिश्रणाचा केक भाजायचा, कुस्करायचा आणि त्यात डब्यातले तयार फ्रॉस्टिंग कालवायचे, ही डडली यांची पद्धत. काडी आणि नक्षी बाजूला ठेवली तर कल्पना मात्र जुनी आहे. डेन्मार्कच्या बेकऱ्यांत उरल्यासुरल्या केक-पेस्ट्रीचा चुरा करून त्यात कोको आणि रमचा स्वाद घालून गोळे वळतात. आपल्याकडे नाताळात मिळणारा रम बॉल त्याच कुळातला. केक सारखा करताना वरचा फुगवटा आणि कडा कापाव्या लागतात. घरून केक विकणाऱ्या प्रत्येकीकडे अशी कापणे रोज साठतात. ती वाया जाऊ नयेत, हा या पदार्थामागचा मूळ विचार आहे, आणि आख्खा चांगला केक मोडायला जीव धजत नाही म्हणणाऱ्यांनी खुशाल अशा कापणांचाच केक पॉप करावा.

शिळ्या पोळीचा चुरा करून, गूळ-तूप घालून वळलेला लाडू मराठी घराला नव्याने सांगायला नको. सोलापुरात त्याच्या जोडीला आणखी चुरे आहेत. मागावरच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी या शहराचा पूर्वेकडचा बराचसा भाग वसवला. तेलंगणात बतुकम्माच्या सणाला पोळी कुस्करून गुळात वळलेला मलिदा नैवेद्याला असतो. विजापूर-बागलकोटकडच्या कानडी घरांत मादली करतात: गव्हाची जाडसर पोळी खरपूस भाजून, चुरून, त्यात गूळ, सुके खोबरे, खसखस, वेलची. दर्ग्यात चढवला जाणारा मलिदाही पोळीचा चुरा, तूप आणि साखर यांचाच. एका शहरात शेजारी शेजारी नांदणाऱ्या चार स्वयंपाकघरांना एकच गोष्ट कळलेली आहे, की भाजलेले पीठ पुन्हा मोडले म्हणजे ते गोडवा आणि स्निग्धपणा अंगात मुरवून घेते. अखंड पोळीला गूळ वरून लागतो, चुऱ्यात तो आत शिरतो. आणि या चारही पदार्थांत एक शिस्त सारखी आहे: आधी चुरा पूर्ण गार आणि कोरडा, मग गूळ, मग तूप, तेही हात आखडून. केक पॉपच्या बहुतेक कृती नेमक्या इथे चुकतात. वाटीभर फ्रॉस्टिंग एकदम ओतायला सांगतात आणि मग गोळा फार मऊ झाला म्हणून तो फ्रीजमध्ये कडक करायला लावतात. लाडू वळणारी कोणतीही बाई तूप असे ओतणार नाही.

आता ज्वारीकडे येऊ. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले एम 35-1 हे वाण कित्येक दशके रब्बी ज्वारीचे प्रमुख वाण राहिले. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा ज्वारीचे केक, बिस्किटे, पास्ता असे पुष्कळ प्रयोग झाले, आणि केकच्या बाबतीत घरोघरी एकच अडचण आली: सुरी लावली की केक ढासळतो. याचे कारण सरळ आहे. गव्हाच्या पिठात पाणी मिसळले की त्यातल्या प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे लवचिक जाळे होते, ते हवा धरून ठेवते आणि केकला फुगवते, जोडून ठेवते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणूनच भाकरीचे पीठ गरम पाण्यात भिजवून, तळव्याने रगडून मळावे लागते आणि पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की भाकरी थापताना फाटते. केकमध्ये हा दोष झाकायला कोणी अर्धा मैदा घालतात, कोणी जास्तीची अंडी. पण केक पॉपला केक कापायचाच नाही, मोडायचा आहे. ज्वारीचा केक जिथे नापास होतो ती परीक्षा इथे नाहीच. उलट मैद्याच्या मऊ केकमध्ये ओलसर क्रीम घालून हाताने दाबत राहिले तर त्याची कणीक होते, दाताला चिकटते. ज्वारीचा चुरा दाबूनही दाणेदार राहतो आणि तोंडात रव्याच्या लाडवासारखा सुटा होतो. ज्या गुणामुळे ज्वारी चांगल्या केकला नालायक ठरली, तोच गुण इथे उपयोगी पडतो. माझ्या एकूण म्हणण्याचा हा मुख्य आधार आहे.

या केकला ओव्हनही अनिवार्य नाही. एक वाटी ताजे ज्वारीचे पीठ अर्धी वाटी आंबट नसलेल्या दह्यात आणि थोड्या दुधात सैलसर भिजवून निदान अर्धा तास ठेवावे. ही पायरी गाळू नये, कारण ज्वारीचा कण पाणी सावकाश पितो आणि न भिजलेला कण भाजल्यावरही जिभेला वाळूसारखा लागतो. मग अर्धी वाटी पिठीसाखर किंवा बारीक चिरलेला गूळ, पाव वाटी तेल, दोन चमचे कोको, एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा थर देऊन, शिट्टी आणि रबर काढून, मंद आचेवर सुमारे पाऊण तास. ओव्हन असेल तर 170 अंशांवर अर्ध्या तासात होतो. सुई कोरडी बाहेर आली की झाला. तो बसका दिसेल, वर भेगा पडतील, त्याची काळजी करू नये. मात्र पीठ ताजेच हवे; गिरणीतून येऊन महिना लोटलेले ज्वारीचे पीठ कडवट होते आणि तो कडवटपणा गोडाखालीही कळतो. अंडे नसल्याने शाकाहारी घरांतही हा केक चालतो. रात्री केक करून सकाळी चुरा करावा. ताज्या गरम केकच्या चुऱ्यात वाफेचे पाणी असते आणि पुढे कवचाला त्याचाच त्रास होतो.

चुरा बांधायचा कशाने? इथे सोलापूरची शेंगा चटणी वाट दाखवते. ही चटणी नुसते वाटण नव्हे. भाजलेले शेंगदाणे तिखट-मीठ-लसणाबरोबर कुटत राहायचे, इतके की आधी कोरडे कूट होते, मग ते ओलसर दिसू लागते, आणि शेवटी चटणीला तेल सुटून ती बोटाने दाबली की बोटाचा ठसा राहतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते. कुटण्याने त्याच्या पेशी फुटतात आणि ते बाहेर येते. केक पॉपला हाच टप्पा हवा, फक्त तिखटाऐवजी गूळ. साधारण पाव किलो चुऱ्याला पाऊण वाटी शेंगदाणे, मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून, खवट किंवा काळपट दाणे निवडून काढून टाकून, तेल सुटेपर्यंत कुटावेत किंवा मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत. त्यात दोन चमचे मऊ गूळ किंवा काकवी मिसळावी आणि हे मिश्रण चुऱ्यात एकेक चमचा घालत जावे. कधी थांबायचे ते हाताला कळते: मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे, आणि त्याच मुटक्याला अंगठ्याने टोचले की तो फुटला पाहिजे. मुटका टोचूनही फुटला नाही तर तेल जास्त झाले, आणि असा गोळा काडीवरून नक्की घसरणार. वळताना तळहाताला काही लावू नये. गोळा पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवावा. त्याहून जड गोळा काडी पेलत नाही.

शेंगदाण्याविरुद्ध एक खरा आक्षेप आहे आणि तो चॉकलेट जाणणाऱ्यांकडून येतो. शेंगदाण्याचे तेल पातळ असते, ते हळूहळू गोळ्यातून वरच्या कवचात झिरपते, कवच मऊ पडते आणि त्यावर पांढरट झाक येते. हे खरे आहे, आणि दाण्याची मिठाई करणाऱ्या कारखान्यांनाही त्याच्याशी झगडावे लागते. पण झिरपायला वेळ लागतो. घरचा केक पॉप तीन-चार दिवसांत संपायचा असतो, तेवढ्यात हा दोष क्वचितच दिसतो. आणि मुटक्याची कसोटी पाळली तर मोकळे तेल मुळातच कमी राहते. दुसरीकडे क्रीम किंवा चीजच्या फ्रॉस्टिंगमध्ये पाणी असते, ते उन्हाळ्यात बाहेर ठेवले की आंबते. सोलापूरच्या हवेत एका दिवसात खराब होणारा गोळा घ्यायचा की आठवड्याने फिकटणारे कवच, यात निवड अवघड नाही.

मग सरळ लाडूच का करू नये, असे कोणी विचारेल. विचारायलाच हवे. शेंगदाण्याचा लाडू उत्तम पदार्थ आहे आणि केक पॉपने त्याची जागा घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही. पण कवच आणि काडी या दोन गोष्टी लाडवात नसतात आणि त्या दिखाऊ नाहीत. कवचामुळे बाहेर कुरकुरीत आणि आत भुसभुशीत असा दुहेरी घास मिळतो, शिवाय आतला गोळा वाळत नाही. काडीमुळे तो सुकायला उभा राहतो आणि त्याच्या चारही बाजूंनी नक्षी काढता येते. ज्या मुलांनी ज्वारीला केवळ भाकरी म्हणून नाक मुरडले आहे, त्यांच्यासमोर ती नव्या रूपात ठेवायचे हे एक साधन आहे. कोकोचा कडूपणा ज्वारीच्या मातकट चवीशी जमतो. व्हॅनिलाच्या पांढऱ्या केकमध्ये हीच चव उघडी पडते, म्हणून पहिल्या खेपेला कोको सोडू नये.

खरी कसोटी हवामानाची आहे, आणि परदेशी कृती इथेच सर्वांत कमी उपयोगी पडतात. चॉकलेटचा कडकपणा कोकोच्या लोण्यावर अवलंबून असतो. हे लोणी सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकते. त्यातला पाचवा प्रकार चकाकतो, टचकन तुटतो आणि सुमारे 34 अंशांना वितळतो. तो मिळवण्यासाठी गडद चॉकलेट आधी 45 ते 50 अंशांपर्यंत तापवून, 27-28 पर्यंत गार करून, पुन्हा 31-32 अंशांवर आणावे लागते. जानेवारीत, सोलापुरात दुपारचा पारा तिशीच्या आसपास असताना, सकाळच्या गारव्यात हे घरी जमते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा खोलीची हवाच चॉकलेटच्या वितळणबिंदूच्या वर असते. तिथे कितीही कसब कामाला येत नाही. बाजारातले कंपाउंड त्यामानाने सोपे आहे. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी पामच्या बियांचे वगैरे वनस्पती तेल असते, ते नुसते वितळवून वापरता येते, चढ-उतार करावे लागत नाहीत. पण तेही मेच्या दुपारी मऊ पडते. खरे चॉकलेट आणि कंपाउंड निम्मे निम्मे मिसळून मध्यममार्ग काढू नये. ही दोन तेले एकमेकांत नीट गोठत नाहीत आणि दोघांपेक्षा मऊ, डागाळलेले कवच पदरी पडते. लेप पातळ करण्यासाठी खोबरेल तेल घालण्याचा सल्लाही थंड देशांचा आहे. खोबरेल 24-25 अंशांनाच पातळ होते, म्हणजे ते घालून आपण आपल्या हाताने कवचाचा वितळणबिंदू खाली आणतो. डिसेंबरात चमचाभर चालेल, एप्रिलमध्ये थेंबही नको.

यावर माझे उत्तर असे, की लेप ऋतूप्रमाणे बदलावा. पाकाच्या पदार्थांत आपण हे वर्षानुवर्षे करतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चॉकलेटचे दिवस. मार्च संपला की चिक्कीचा पाक घ्यावा. गूळ चमचाभर तुपावर वितळवून शिजवत राहायचा. थंड पाण्यात टाकलेला थेंब आधी ताणला जातो, मग गोळी धरतो, आणि शेवटी दाताखाली कट्कन तुटतो, तिथे आच बंद करायची. या पाकात गोळ्याचा फक्त वरचा अर्धा भाग झरकन बुडवून लगेच तीळ किंवा दाण्याच्या कुटात टेकवला की पातळ, कुरकुरीत टोपी बसते. चिक्की सोलापूरच्या उन्हाळ्यात विकली जाते आणि टिकते, कारण कडक पाकाला भीती उन्हाची नसते, हवेतल्या ओलाव्याची असते, आणि इथला एप्रिल-मे कोरडा असतो. पावसाळ्यात उलट होते: पाक पाझरतो, आणि फ्रीजमधून काढलेल्या चॉकलेटला घाम सुटून त्यावर साखरेचे डाग पडतात. त्या दिवसांत कंपाउंड, तेही फ्रीजविना, घट्ट झाकणाच्या डब्यात. एवढे मात्र बजावून सांगायला हवे की कडक पाक दीडशे अंशांच्या घरात असतो आणि कातडीला चिकटून भाजतो. चॉकलेटात गोळे बुडवायला मुलांना जरूर बसवावे, पाकाजवळ अजिबात नाही.

बुडवण्याच्या कामात घाई करणाऱ्यांचे नुकसान होते. काडीचे टोक आधी वितळलेल्या चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात निम्म्यापर्यंत खोचावे आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. ते थेंबभर चॉकलेट गोठून काडी आत घट्ट बसवते. लेप पसरट वाटीत न ठेवता उभ्या स्टीलच्या पेल्यात ठेवावा, म्हणजे गोळा सरळ खाली जाऊन सरळ वर येतो. आत ढवळायचे नाही. वर काढल्यावर पेल्याच्या काठावर मनगट हळू आपटत काडी फिरवावी, जास्तीचा लेप ओघळून जातो. गोळा फ्रीजरमधून थेट काढून बुडवला तर वरचा लेप क्षणात आवळतो, आतला गार गोळा नंतर कोमट होताना फुगतो आणि कवच तडकते. म्हणून गोळे गार असावेत, गोठलेले नसावेत. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला किंवा वाफ शिरली तर त्याचा घट्ट गोळा होतो. उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून वितळवणाऱ्यांनी भांड्याचा तळ पुसल्याशिवाय ते ओट्यावर आणू नये. सुकण्यासाठी पॉप उभे करायला थर्माकोल शोधत बसायची गरज नाही. पातेले ज्वारीने भरावे, काड्या त्यात ताठ उभ्या राहतात. काडी लाकडाची, बांबूची किंवा कागदाचीच घ्यावी. 1 जुलै 2022 पासून कँडीच्या आणि आइस्क्रीमच्या प्लास्टिक काड्यांवर देशभर बंदी आहे, तरी कुठे कुठे जुना माल अजून दिसतो.

सजावटीत सोलापूरकरांच्या हाताशी जे आहे ते परदेशी रंगीत दाण्यांहून मला जास्त मोलाचे वाटते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि त्याच दिवसांत घरोघरी हलवा होतो. कोमट परातीतल्या तिळांवर चमचाभर पाक टाकून बोटांनी सतत हलवत राहायचे, तो सुकला की पुढचा चमचा. गारठ्यात हळूहळू दाण्याला काटा येतो. हा काटेरी हलवा गडद चॉकलेटवर विलक्षण उठून दिसतो. बोरन्हाणाला बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात. तसेच काळ्या केक पॉपभोवती हलव्याच्या एकेका दाण्याचा हार, वर बिंदी, खाली बाजूबंद, असे चिमट्याने बसवता येते. लेप ओला असतानाच हे करावे लागते, आणि हवा गार असेल तर त्याला मिनिटभरही मिळत नाही, म्हणून आधी दाणे आकारावार निवडून ताटलीत मांडून ठेवावेत. लेप आधीच सुकला असेल तर दाण्याच्या बुडाला चॉकलेटचा ठिपका लावून चिकटवावा. बारीक रेघांसाठी मेंदीच्या कोनासारखा स्वच्छ प्लास्टिकचा कोन करावा. लग्नाच्या आदल्या रात्री कोपरापर्यंत वेलबुट्टी काढणाऱ्या हाताला चॉकलेटची रेघ नवी नाही. फरक एवढाच की मेंदी वाट पाहते, चॉकलेट पाहत नाही. सोलापुरी चादरीवरची चौकटी, पायऱ्यापायऱ्यांची नक्षी गोल पृष्ठभागावर अवघड जाते, पण तीन रंगांचे आडवे पट्टे आणि मधे चौकड्यांची एक ओळ एवढेही चादरीची आठवण द्यायला पुरते. रुखवताच्या मांडणीत अशी रांग शोभून दिसेल.

दोन मोह मात्र टाळावेत. पहिला डाळिंबाचा. जिल्ह्याचे फळ म्हणून लालभडक दाणे वर चिकटवावेसे वाटतात, पण ओल्या दाण्याखाली चॉकलेट धरत नाही आणि फुटलेला दाणा साखर विरघळवतो. डाळिंब बाजूला वाटीत द्यावे. दुसरा मोह भडक रंगांचा. पाण्यात विरघळणारा रंग चॉकलेटला घट्ट करून टाकतो, त्यासाठी तेलात मिसळणारा खाद्यरंग लागतो, आणि तोही पाकिटावर खाद्यरंग म्हणून नोंद असलेलाच. सुटा, बिनपाकिटाचा गुलाबी रंग घेऊ नये: 2024 मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकात रंगीत कॉटन कँडीवर कारवाई झाली ती ऱ्होडामाइन-बी या कापड रंगवण्याच्या रंगामुळे. बीट, हळद, पालक यांच्या वाळवलेल्या पुडी फिकट असतात, पण पांढऱ्या कंपाउंडमध्ये त्या कोरड्याच मिसळल्या तर चांगल्या खुलतात.

शेवटचा आक्षेप आरोग्याचा, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. ज्वारी घातली म्हणून केक पॉप पौष्टिक झाला असे म्हणणे फसवणूक ठरेल. वर दिलेल्या मापाने केलेल्या एका पॉपमध्ये ढोबळ हिशेबाने दहा-बारा ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये जी कसोशीची मर्यादा सुचवली ती मोठ्या माणसाला दिवसाकाठी सुमारे 25 ग्रॅम आहे. मुलाची त्याहून कमी. तेव्हा एका मुलाला एक पॉप, आणि त्या दिवशी दुसरे गोड नको. त्याच्या बाजूने एवढे मात्र म्हणता येते की केकच्या तुकड्याला ठरलेले माप नसते, याला असते. कंपाउंड घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा. आपल्याकडे 1 जानेवारी 2022 पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत असणे बंधनकारक आहे, सुट्या मालाची तशी खात्री देता येत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना काडीवरचा गोळा किंवा टणक हलवा देऊ नये, काडी काढून कुस्करून द्यावा.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकून घर चालवणाऱ्या बायका या शहरात आहेत, आणि केक पॉप त्यांच्या यादीत सहज बसेल, कारण त्याची दोन मुख्य द्रव्ये त्यांच्या घरात आधीच रोज भाजली आणि दळली जातात. विकायचे ठरवले तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली घरच्या स्वयंपाकघरालाही नोंदणी लागते. पाकिटावर हिरवा ठिपका लावायचा असेल तर कृतीत अंडे कुठेच नको, कारण लेबलाच्या नियमात अंडे मांसाहारात धरले जाते. आणि शेंगदाण्याची उघड सूचना हवीच. काही मुलांना त्याची तीव्र ॲलर्जी असते आणि चॉकलेटखाली दडलेला दाणा दिसत नाही. घाऊक मागणी घेताना महिना विचारावा: जानेवारीत चॉकलेटचे सांगावे, मेमध्ये चिक्कीच्या टोपीचे, आणि डब्यावर केल्याची तारीख लिहून चार दिवसांत संपवायला सांगावे.